रत्नागिरी ते चिपी: अंतर एकच, वेळेचे आकडे तीन

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील रत्नागिरीत थोरल्या भावाकडे आहेत, गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन महिना झालाय आणि आता त्यांना परुळ्याच्या घराची ओढ लागलीय. गाडीत चार-साडेचार तास पाय मुडपून बसणं त्यांना झेपणारं नाही. रत्नागिरीत विमानतळ आहे, परुळ्याला लागूनच चिपीचा विमानतळ आहे, मग मधलं अंतर किती आणि विमानाला वेळ किती? मोबाइलवर शोधलं तर एका ठिकाणी ९ मिनिटं दिसली, दुसऱ्या ठिकाणी ३९ मिनिटं आणि तिसऱ्या ठिकाणी मुंबईमार्गे साडेसहा तास. यातलं खरं कोणतं?

मी अठरा वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान सुटण्याआधी मार्ग, इंधन, वजन आणि हवामान यांचा हिशोब मांडून तो वैमानिकासमोर ठेवायचा, हे ते काम. त्यातली बरीच वर्षं लहान विमानं आणि लहान विमानतळ यांच्यातच गेली. माहेर आचऱ्याचं असल्यामुळे हा पट्टा मला नकाशावरही पाठ आहे आणि पायाखालूनही गेलेला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडे सांगून टाकते. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ११५ किलोमीटर. एटीआरसारखं पंख्यांचं विमान ते हवेत साधारण २५ मिनिटांत कापेल. जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंत ३५ ते ४० मिनिटं धरा. म्हणजे तुम्हाला दिसलेला ३९चा आकडा खऱ्याच्या जवळ आहे, पण तो तिथे योगायोगानं पोचलाय. आणि महत्त्वाची गोष्ट ही की या दोन विमानतळांमध्ये नियमित प्रवासी विमान नाही. त्यामुळे यातल्या एकाही आकड्याचं तिकीट तुम्हाला मिळणार नाही. वडिलांना किती वेळ बसावं लागेल हा तुमचा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर वेगळं आहे आणि ते बऱ्यापैकी चांगलं आहे. ते शेवटी देते.

तीन ठिकाणी तीन आकडे का आले ते बघा. ११५ किलोमीटरला ताशी ८०० किलोमीटर वेगानं भागलं की साडेआठ-नऊ मिनिटं येतात. हा पहिला आकडा. ८०० हा मोठ्या जेट विमानाचा, तीस-पस्तीस हजार फुटांवरचा वेग. दुसऱ्या ठिकाणी त्याच नऊ मिनिटांत उड्डाण आणि उतरण्यासाठी म्हणून सरसकट अर्धा तास मिळवलाय. ९ अधिक ३० म्हणजे ३९. दिल्ली-मुंबई असो की रत्नागिरी-चिपी, अर्धा तास तोच. तिसऱ्या ठिकाणी यंत्रानं मुंबईचा मोठा विमानतळ शोधला आणि दोन टप्पे एकमेकांना जोडले. नकाशावर हे बघितलंत तर पटेल. रत्नागिरी ते मुंबई हवेतून सुमारे २३५ किलोमीटर, मुंबई ते चिपी सुमारे ३५०. ११५ किलोमीटर दक्षिणेला जायचं म्हणून आधी २३५ किलोमीटर उत्तरेला जायचं आणि परत येताना आपल्याच रत्नागिरीवरून पुढे जायचं! शिवाय रत्नागिरीहून मुंबईला नियमित प्रवासी विमानच नाही, त्यामुळे या जोडकामाचा पहिला टप्पा कागदावरसुद्धा उभा राहत नाही.

अंतराचा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता आणि तो करून बघावा असं मला मनापासून वाटतं. कारण एकदा जमलं की कुठल्याही दोन गावांसाठी दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबावं लागत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० मिनिटं आणि त्यातलं प्रत्येक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. रत्नागिरीचा विमानतळ साधारण १७ अंश १ मिनिट उत्तर, ७३ अंश २० मिनिटं पूर्व. चिपी १६ अंश उत्तर, ७३ अंश ३२ मिनिटं पूर्व. उत्तर-दक्षिण फरक ६१ मिनिटांचा, म्हणजे ६१ नॉटिकल मैल. पूर्व-पश्चिम फरक १२ मिनिटांचा, पण रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून आपल्या अक्षांशावर त्याला ०.९६ नं गुणायचं. साडेअकरा आले. आता शाळेतला पायथागोरस: ६१चा वर्ग अधिक साडेअकराचा वर्ग, त्याचं वर्गमूळ ६२. बासष्ट नॉटिकल मैल म्हणजे ११५ किलोमीटर. पृथ्वी गोल आहे म्हणून मोठी सूत्रं वापरतात ती लांबच्या अंतरासाठी. एवढ्याशा अंतरात त्यानं काही फरक पडत नाही.

कुणी तुम्हाला १०८ किलोमीटर सांगितलं तर तेही खोटं बोलत नसतील. ‘सिंधुदुर्ग’ म्हणजे नेमकं काय हे त्यांनी ठरवलेलं नसतं. सिंधुदुर्ग किल्ला मालवणच्या समुद्रात आहे. सिंधुदुर्ग नावाचं रेल्वे स्टेशन ओरोसला आहे आणि जिल्ह्याचं मुख्यालय सिंधुदुर्गनगरीही तिथलंच. सिंधुदुर्ग विमानतळ मात्र वेंगुर्ले तालुक्यात चिपीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. किल्ल्यापर्यंत मोजलं किंवा ओरोसपर्यंत मोजलं तर सहा-सात किलोमीटर कमी भरतात. नकाशावर टाचणी कुठे टोचली ते आधी बघायचं.

आता वेळेकडे. लांबच्या प्रवासात अंतराला वेगानं भागून काढलेला वेळ बऱ्यापैकी जमतो, कारण विमान बहुतेक वेळ सरळ आणि एकाच वेगानं चाललेलं असतं. आखूड प्रवासात तसं नसतं. रत्नागिरी ते चिपी एटीआर-७२ न्यायचं झालं तर मी कागदावर काय मांडलं असतं ते सांगते.

इंजिनं सुरू झाली, चाकं अडवून धरणारे ठोकळे, म्हणजे चॉक्स, निघाले, विमान रनवेकडे निघालं. लहान विमानतळांवर रनवेला समांतर टॅक्सीवे बहुधा नसतो. त्यामुळे विमानाला रनवेवरूनच उलट दिशेनं टोकापर्यंत जावं लागतं, तिथे गर्रकन वळायचं आणि मग धावायचं. याला आम्ही बॅकट्रॅक म्हणतो. चार-पाच मिनिटं यातच जातात आणि अजून चाकं जमिनीवरच आहेत.

विमान उचललं. एवढ्या छोट्या टप्प्यासाठी उंच जाण्यात अर्थ नसतो, म्हणून आठ-नऊ हजार फूट ठरवायचे. तिथवर चढायला सात-साडेसात मिनिटं. चढताना वेग कमी असतो, तरी तेवढ्यात चाळीसेक किलोमीटर मागे पडतात. उतरण्याचा आमचा ठोकताळा असा, की दर हजार फुटांमागे तीन नॉटिकल मैल आधी उतरायला सुरुवात करायची. नऊ हजार फुटांसाठी २७ नॉटिकल मैल, म्हणजे ५० किलोमीटर. आता ११५ मधून ४० आणि ५० वजा करा. शिल्लक राहिले २५ किलोमीटर. विमान आपल्या खऱ्या वेगानं, ताशी ४५०-५०० किलोमीटरनं, सरळ उडेल ते एवढंच, जेमतेम तीन मिनिटं. या तीन मिनिटांसाठी आणखी वेगवान विमान आणलं तरी वाचून वाचणार किती?

दिशा म्हणाल तर जवळजवळ सरळ दक्षिण, किंचित पूर्वेकडे कललेली. आपला किनारा उजव्या खिडकीत राहतो. मिऱ्याचा डोंगर मागे पडतो, पूर्णगडाची खाडी येते, मग जैतापूरची. पंधरा मिनिटांच्या आत विजयदुर्ग आणि वाघोटनचं पात्र, त्यानंतर देवगड. देवगड दिसेपर्यंत विमान उतरायला लागलेलं असतं. आचरा, मालवण, समुद्रात ठिपक्यासारखा किल्ला, कर्लीचं पाणी, आणि पलीकडे सड्यावर रनवे. हे सगळं बघायला माझ्या आजीच्या वेळेला आगबोटीतून अख्खा दिवस लागायचा. कोण मुंबईहून यायचं असलं की ती घड्याळाकडे न बघता विचारायची, “बोट खंय लागली?” जैतापूर म्हटलं की अजून वेळ आहे, देवगड म्हटलं की चूल पेटवायची. किनाऱ्यावरच्या माणसांनी अंतर असंच मोजलंय, कुठे थांबलो आणि किती थांबलो यावरून. हे मोजमाप लहान विमानतळांनाही तंतोतंत लागू पडतं, ते पुढे येईलच.

चिपीला पोचलो म्हणून लगेच उतरता येत नाही. तिथला रनवे २५०० मीटरचा, दिशा पूर्व-पश्चिम. आपण येतोय उत्तरेकडून. विमान वाऱ्याच्या समोरून उतरतं. वारा समुद्राकडून असेल तर समुद्राकडे तोंड करून उतरायचं, म्हणजे आधी आत जमिनीच्या बाजूला जायचं, वळसा घ्यायचा आणि पूर्वेकडून रनवेच्या रेषेत यायचं. पाच ते आठ मिनिटं यात जातात. सकाळी लवकर मतलई वारे असतील, म्हणजे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर उलट बाजूनं, समुद्रावरून यावं लागेल. दुपारी खारे वारे सुटले की पुन्हा दिशा बदलते. एकाच दिवसात, एकाच विमानाचा वेळ या एका कारणानं चार मिनिटांनी इकडेतिकडे होतो.

बेरीज केली तर हवेत २५ मिनिटं, जमिनीवर दोन्ही टोकांना मिळून १० ते १५. चॉक्स निघाल्यापासून चॉक्स लागेपर्यंतच्या या सगळ्या वेळाला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तिकिटावर छापलेली वेळ याच हिशोबाची असते. पडताळा हवा असेल तर मुंबई-चिपी घ्या. तिथे एटीआरला सव्वा तासाच्या आसपास ब्लॉक टाइम धरतात. अंतर ३५० किलोमीटर, म्हणजे आपल्या तिप्पट, पण वेळ जेमतेम दुप्पट. त्यातही मुंबईच्या गर्दीचा वाटा आहे.

विमान बदललं तर? नऊ आसनांचं एक इंजिनाचं कॅराव्हॅन ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास उडतं. ते पाच-सहा हजार फुटांवरच राहील, वळसेही लहान घेईल. हवेत अर्धा तास. हेलिकॉप्टर ताशी सव्वादोनशे-अडीचशेनं गेलं तरी तेवढंच, आणि ते वाऱ्यासाठी मोठा वळसा घेत बसत नाही. जेट आणलंत तर एटीआरपेक्षा दोन-चार मिनिटं वाचतील. ताशी २५० आणि ताशी ८०० यांत आकाशपाताळाचा फरक, पण ११५ किलोमीटरवर तो आठ-दहा मिनिटांत मावतो.

ऋतूनं काय होतं तेही सांगायला हवं, कारण कोकणात त्याशिवाय कुठलाच हिशोब पुरा होत नाही. पावसाळ्यात खालच्या थरात पश्चिमेचा जोरदार वारा असतो. आपण दक्षिणेला चाललोय, म्हणजे तो कुशीवर येतो. प्रवासाचा वेळ त्यानं फार वाढत नाही. अडचण वेगळीच आहे. रत्नागिरीचा मिरजोळ्याचा विमानतळ आणि चिपी, दोन्ही जांभ्याच्या सड्यावर आहेत. सपाट जागा तिथेच मिळते, म्हणून ते तिथे बांधले. पण जुलैत खाली गावात नुसता पाऊस असतो, तेव्हा सड्यावर ढग टेकलेला असतो. समुद्रसपाटीपासून ढगाचा तळ मोजला तर तो ठीक वाटतो, सड्याची उंची वजा केली की काही उरत नाही. नुसत्या डोळ्यांनी बघत उडण्याच्या नियमांत विमानतळावर किमान ५ किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांचा तळ किमान १५०० फूट लागतो. सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी या नियमांखालचं उड्डाण बंद. पावसाळ्यातल्या कितीतरी सकाळी मी मेटार, म्हणजे विमानतळाच्या हवामानाची नोंद, दर अर्ध्या तासानं बघत बसलेली आहे. पंचवीस मिनिटांच्या उड्डाणासाठी तीन तास वाट बघणं यात नवल काही नव्हतं.

उन्हाळ्याची तऱ्हा निराळी. मे महिन्यात दुपारी ३४ अंश तापलेलं असतं. गरम हवा विरळ असते, पंखांना आणि इंजिनाला कमी पकड मिळते. रनवे तीनशे फुटांवर असला तरी त्या दुपारी विमान अडीच-पावणेतीन हजार फुटांवरच्या रनवेवर असल्यासारखं वागतं. धाव लांबते. रनवे आखूड असेल तर मग सामान कमी करा, नाहीतर एक-दोन माणसं कमी करा. वेळेच्या तक्त्यात हे कधी दिसत नाही, पण ‘आज जाता येईल का’ याचं उत्तर इथे ठरतं.

इंधनाचंही असंच आहे. टर्बाइन इंजिनाच्या विमानाला पोचण्यापुरतं इंधन चालत नाही. त्यावर थोडं राखीव, चिपीला उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर आणखी ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं. चिपीला पर्याय जवळचे आहेत: गोव्यातला मोपा सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर, दाभोळी सुमारे ७५. तरीसुद्धा पंचवीस मिनिटांच्या प्रवासाला तासाभराहून अधिक पुरेल एवढं इंधन घेऊन निघायचं. लहान विमानतळांवर इंधन मिळेलच असं नसतं, म्हणून परतीचंही सोबत न्यायचं. पुन्हा वजन वाढलं.

आता जमिनीवरच्या वेळेबद्दल. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे आणि याबाबतीत लोकांची फसगत झालेली मी पाहिलीय.

मोठ्या विमानतळावर तुम्ही कधीही जा, कुणीतरी जागं असतं. लहान विमानतळाला ठरलेल्या वेळा असतात, वॉच अवर्स. त्यात नियंत्रण कक्ष चालू, अग्निशमन दल हजर. त्या वेळेबाहेर यायचं तर आधी अर्ज करून वेळ वाढवून घ्यावी लागते. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे, तिथे नागरी विमानाला आधी परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. मग फ्लाइट प्लॅन भरायचा, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी (हवाई संरक्षणाच्या परवानगीचा) असे दोन नंबर घ्यायचे, त्याशिवाय विमान हलत नाही. रनवे दुरुस्तीसाठी बंद आहे का, हे सांगणारे नोटॅम वाचायचे. आणि मुख्य म्हणजे विमान त्या लहान विमानतळावर उभं नसतंच. ते मुंबईहून, पुण्याहून किंवा गोव्याहून रिकामं यावं लागतं.

एका मे महिन्यात दुपारी अडीचच्या सुमाराला मला एक फोन आला. रत्नागिरीतलं एक कुटुंब, घरातल्या मोठ्या माणसाला हृदयाचा त्रास, पुढच्या उपचारासाठी गोव्याला न्यायचं होतं. विमानं ठरवून देणाऱ्या एका मध्यस्थानं त्यांना सांगितलं होतं, “अर्ध्या तासाचा प्रवास आहे, लगेच करून देतो.” ते दीड तास त्याच्या पुढच्या फोनची वाट बघत थांबले होते. मी हिशोब केला. विमान मुंबईत. वैमानिकांना बोलावणं, परवानग्या, इंधन, स्ट्रेचर बसवणं, मग रिकामं रत्नागिरीला येणं. सगळं सुरळीत झालं तरी सूर्यास्ताच्या आत रत्नागिरीहून उडणं अवघड होतं. मी त्यांच्या पुतण्याला सांगितलं, डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर आत्ता ॲम्ब्युलन्स काढा आणि आंबा घाटानं कोल्हापूर गाठा. डॉक्टर हो म्हणाले. साडेतीन तासांत ते कोल्हापूरच्या रुग्णालयात होते. तोपर्यंत मुंबईत त्या विमानाची दारंही लागली नसती. त्या मध्यस्थानं सांगितलेला आकडा हवेपुरता खरा होता, आणि तोच ऐकून एका कुटुंबाचा दीड तास गेला. तेव्हापासून मी कुणालाही विमानाचा वेळ सांगताना आधी विचारते, विमान आत्ता कुठे उभं आहे?

अशी सेवा सुरू का होत नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आलं असणार. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं जेमतेम पावणेतीन किलोमीटरचं नियमित विमान १९६७ पासून आहे, वेळापत्रकात दोन मिनिटांचं. तिथे मध्ये समुद्र आहे आणि पूल नाही. आपल्याकडे पूर्वी खाड्यांनी तेच केलं होतं, प्रत्येक खाडीला तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, आणि प्रत्येक तरीला भरतीची वाट. पावसाळ्यात आगबोट बंद झाली की किनारा चार महिने अडकून पडायचा. पण आता खाड्यांवर पूल झाले आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. विमानाचा मोठा खर्च चढण्या-उतरण्यात असतो. टायर, ब्रेक, इंजिनं, देखभालीची गणितं तासांइतकीच ‘सायकल’वर, म्हणजे किती वेळा उडालं-उतरलं यावर चालतात. पंचवीस मिनिटांसाठी एक सायकल खर्ची घालणं कुठल्याही कंपनीला जड जातं. चिपीला विमान हवंच, ९ ऑक्टोबर २०२१ ला ते सुरू झालं तेव्हा मला झालेला आनंद मी विसरणार नाही. पण त्याची खरी गरज मुंबई, पुणे, बेंगळुरूसाठी आहे.

तर आता तुमचे वडील. रत्नागिरी-कुडाळ रेल्वेनं न्या. बहुतेक गाड्यांना दोन तासांच्या आसपास लागतात, गाडीनुसार थोडं कमी-जास्त. मांडवी, जनशताब्दी, तुतारी, कोकणकन्या या गाड्या कुडाळला थांबतात. वंदे भारत रत्नागिरीनंतर कणकवलीला थांबते, कुडाळला नाही, आणि कणकवलीहून परुळ्याचा रस्ता बराच लांब पडतो. गाडीत त्यांना पाय सरळ करता येईल, तासाभरानं चार पावलं टाकता येतील, स्वच्छतागृह हाताशी असेल. कारमध्ये यातलं काहीच नाही. रस्त्यानं हातखंबा, लांजा, राजापूर, खारेपाटण, कणकवली करत कुडाळ आणि पुढे परुळे असे १८० ते १९० किलोमीटर भरतात, विमानाच्या रेषेच्या दीडपटीहून जास्त.

भावाचं घर ते रत्नागिरी स्टेशन अर्धा तास, थोडं लवकर पोचायचं म्हणून आणखी अर्धा तास, गाडीत दोन तास, कुडाळहून पाटमार्गे परुळ्याला पाऊण तास. पावणेचार तास झाले. आता समजा, उद्या तुमच्यासाठी विमान सुरू झालं: मिरजोळ्यापर्यंत वीस मिनिटं, उड्डाणाआधी तास-दीड तास हजर, सुरक्षा तपासणी, ब्लॉक टाइम ४० मिनिटं, सामान आणि घर मिळून अर्धा तास. अडीच ते तीन तास. फरक तासाभराचा उरला. शिवाय विमानात चढताना शिडी असते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या महिन्यात शिडीच्या पायऱ्या चढणं काय असतं, ते त्यांनाच विचारा.

यात बदलू शकेल ते एवढंच. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालतात, मुसळधार पावसात तर ताशी ४० किलोमीटरनं. तेव्हा दोनाचे तीन तास धरा. शक्य असेल तर दिवसाची गाडी घ्या, म्हणजे कुडाळ-परुळे उजेडात होईल. खालचा बर्थ किंवा कडेची सीट मागा, शस्त्रक्रिया झालेला पाय वाटेच्या बाजूला राहील अशी. लांब बसल्यानं पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तेव्हा निघण्याआधी शल्यचिकित्सकांना नेमकं हेच विचारा: किती वेळ सलग बसलेलं चालेल आणि गाडीत कोणते व्यायाम करायचे? रत्नागिरी स्टेशनवर व्हीलचेअरची विनंती आदल्या दिवशी करून ठेवा. आणि कुडाळला दोन माणसं फलाटावर हजर ठेवा. गाडी तिथे फार वेळ थांबत नाही, एकानं सामान घ्यायचं आणि दुसऱ्यानं फक्त वडिलांकडे बघायचं.